मणक्याची शस्त्रक्रिया आणि 'प्रागभाव'

न्याय-वैशेषिकांनी 'नसण्या'चे प्रकार सांगितलेत. त्यांतले दोन आज आपण घेऊ. मडकं घडण्याआधीचं त्याचं नसणं म्हणजे प्रागभाव. ते फुटल्यानंतरचं नसणं म्हणजे प्रध्वंसाभाव. मडकं दोन्हीकडे नाहीच, मग फरक काय? इथे सांताक्रूझमध्ये आपल्या वयाच्या मंडळींत मणक्याच्या ऑपरेशनची चर्चा नेहमीची, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

मणक्यांना आधार म्हणून बऱ्याचदा धातूचे स्क्रू आणि सळ्या बसवतात. धातूला रक्तपुरवठा नसतो. जंतू एकदा त्याला चिकटले, की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. त्या थरापुढे औषधाचं आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशींचं फारसं चालत नाही. मग जखम पुन्हा उघडून धुवायची, कित्येक आठवडे अँटिबायोटिक घ्यायचं, कधी स्क्रूही काढायचे. इथे प्रध्वंस फार महाग पडतो. सांभाळायचा तो प्रागभाव.

हे जंतू बऱ्याचदा आपल्याच त्वचेवर आणि नाकात असतात. म्हणून पुष्कळसं काम छेद घेण्याआधीचं. रक्तातली साखर आटोक्यात आणायची. तंबाखू-सिगारेट काही आठवडे आधी बंद. ऑपरेशनपूर्वी साबणाने अंघोळ. पाठीवर वस्तरा फिरवायचा नाही, कारण त्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात; केस काढायचेच तर क्लिपरने. आणि अँटिबायोटिक साधारणपणे छेदाआधीच्या तासाभरात शिरेतून द्यायचं, म्हणजे कातडी उघडते तेव्हा औषध तिथे हजर असतं.

आता आपला नेहमीचा आग्रह : 'डॉक्टर, आणखी आठ दिवस गोळ्या द्या, उगाच धोका नको.' जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली नेमकं उलट सांगितलं. ऑपरेशन संपल्यावर केवळ प्रतिबंधासाठी अँटिबायोटिक लांबवू नका. त्याने संरक्षण वाढत नाही, औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. हुकलेली वेळ दिवस वाढवून भरून निघत नाही.

घरी आल्यावर ड्रेसिंग कोरडं ठेवा, जखमेवर हळद-तेल नको. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, तर वाट न पाहता सर्जनला दाखवा.

प्रतिबंधाची खरी अडचण आम्हाला तात्त्विक वाटते. तो यशस्वी झाला, तर दाखवायला काहीच उरत नाही. व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू घटले, तरी बहुतेकांनी त्याचं ऐकलं नाही. न आलेल्या तापाचे आभार कोण मानणार? म्हणून ऑपरेशनआधी आपणच विचारावं : 'साखर ठीक आहे ना? इंजेक्शन कधी देणार?' हे विचारण्यात उद्धटपणा नाही.