घरचा वाटा आधी



पहाटेची वेळ. गोठ्यात म्हशीची धार काढून होते. किटली भरते आणि डेअरीच्या वाटेला लागते. इकडे घरात पाच वर्षांचे पोर कोऱ्या चहात पाव बुडवून खाते आणि शाळेला निघते. म्हैस घरची, दूध घरचे, पण पोराच्या वाट्याला कोरा चहा! हे चित्र आपल्या घरात आहे का, ते ज्याचे त्याने पाहावे.

“मग सोसायटीचा हप्ता कोण भरणार?” असे घरधनी विचारील. त्याचा प्रश्न खोटा नाही. कर्ज फेडलेच पाहिजे. पण घरासाठी म्हणून राबायचे आणि घरालाच उपाशी ठेवायचे, हा हिशेब कुठेतरी चुकतो.

संत पौलाने तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढून वाचा. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने श्रद्धाच सोडली, असे तो स्पष्ट बजावतो. हा विषय तेथे विधवांच्या पोषणावरून निघाला आहे. ज्या विधवेला मुले-नातवंडे आहेत तिला आधी त्यांनी सांभाळावे, मंडळीवर भार टाकू नये, असे त्याचे सांगणे. म्हणजे ‘घरचे’ यात केवळ बायको-पोरे नव्हेत, म्हातारे आईबापही आले.

आईबापांना द्यायचे ते ‘देवाला वाहिले’ असे सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने कसे खडसावले, ते मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. तेव्हा फेस्ताला मोठी देणगी द्यायची आणि आईचे औषध पुढच्या महिन्यावर ढकलायचे, हे पुण्य नव्हे. पोप लिओ तेरावे यांनीही १८९१ च्या आपल्या परिपत्रात, बापाने लेकरांना अन्न व गरजेच्या वस्तू पुरवाव्यात हा निसर्गाचाच पवित्र नियम असल्याचे म्हटले आहे.

मग तरतूद कशी करावी?

ताटातली तरतूद. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के रक्तक्षयी आढळली. यात शेतकऱ्यांची घरेही आहेत. सगळ्या रानात ऊस लावला की भाजी-कडधान्य विकत आणावे लागते, आणि हात आखडला की पहिली काट तिथेच बसते. म्हणून एक-दोन गुंठे घरासाठी राखावे. बांधावर तूर, चवळी लावावी. न्हाणीच्या पाण्यावर शेवगा, केळ, पालेभाजी येते. शेवग्याचा पाला टाकून देऊ नये. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भाकरी, आंबील आठवड्यातून चार वेळा तरी व्हावी. जेवताना लिंबू पिळावे, म्हणजे अन्नातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने ते वाया जाते. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्या तिने घ्याव्यात. आणि घरची बाई शेवटी उरलेसुरले खाते, ती रीत मोडावी. सर्वांनी एकत्र जेवावे.

सालाची तरतूद. बिल हाती आले की आधी चार वाटे करावे: घरखर्च, बियाणे-खत, कर्जाचा हप्ता, आजारपण. उरेल त्यातून लग्न, फेस्त, पाहुणचार. दारूला यात वाटा नाही. हिशेब नवरा-बायकोने मिळून वहीत लिहावा. एकाला माहीत असलेले कर्ज दोघांना माहीत असावे.

आपल्या माघारी. घरधनी अचानक गेला तर? प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयाच्या खातेदाराला वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते. सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयापर्यंत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख मिळतात. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. मे अखेरीस तेवढी शिल्लक ठेवावी. पासबुकावर वारसाचे नाव आहे का, उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे का, तेही पाहावे. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि बाकीचे सर्व मुलगे-मुलींना सारखे मिळते. (गोव्यातील कायदा निराळा आहे.) मुलींना ‘लग्न झाले’ म्हणून वगळणे हा न्याय नव्हे.

कोणी म्हणेल, उद्याची काळजी करू नका असे प्रभूनेच सांगितले ना? खरे आहे. पण पाखरालाही दाणा शोधायला घरटे सोडावे लागते. चिंता करून उरापोटी कुढणे निराळे आणि पावसाआधी घर शाकारणे निराळे. नाझरेथच्या संत योसेफाने सुतारकाम करूनच येशू आणि मरियेला पोसले. आणि जे घर स्वतः उभे असते, तेच शेजारच्या विधवेला पायलीभर भात देऊ शकते.

तर उद्या पहाटे किटली निघण्याआधी एक पेला दूध लेकरासाठी आणि एक म्हाताऱ्या आईसाठी काढून ठेवावा. सुरुवात तेवढ्यानेच होऊ द्या.