गावचे गाणे, मजुराचा सूर

लोकगीत जुन्या चालीत, जुन्याच शब्दांत गायले पाहिजे, असा आग्रह एटापल्लीतही ऐकू येतो. तो आम्हांस मान्य नाही. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाचा घाट राखला. मात्र गणात गणपतीऐवजी मातृभूमीस व श्रमिकांस वंदन केले. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत पोटासाठी मुंबईस आलेल्याचा विरह आहे, आणि त्यातूनच संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढे येते. एरवी ती नुसता ठराव झाली असती! (ठराव आम्ही पुष्कळ केले आहेत.)

अमेरिकेत अंकल टुपेलो या तरुणांच्या वाद्यवृंदाने 1990 साली ‘नो डिप्रेशन’ ही ध्वनिमुद्रिका काढली. नाव कार्टर कुटुंबाने 1936 साली, मंदीत, मुद्रित केलेल्या गीताचे. साथीला कर्कश विजेच्या गिटारी, आणि विषय रातपाळी, कारखाना, दारू. या धाटणीला पुढे ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’ म्हणू लागले.

आपल्याकडचा रेला हात गुंफून नाचत गायचा. त्यात ऐकणारा वेगळा बसत नाही. तेंदूपत्त्याच्या फळीवरचा हिशेब त्यात खुशाल यावा. पण ते शब्द माडिया मंडळींनी माडियातच घालावेत. आमच्यासारख्यांनी मराठीत लिहून देऊ नयेत.