कोल्हापूरमधील पर्यटन

कोल्हापूर हे महाराष्ट्राच्या दक्षिण भागात पंचगंगा नदीच्या काठी वसलेले ऐतिहासिक शहर आणि कोल्हापूर जिल्ह्याचे मुख्यालय आहे. अंबाबाईचे (महालक्ष्मीचे) मंदिर, करवीर संस्थानच्या काळातील वास्तू, कुस्तीची परंपरा, मराठी चित्रपटसृष्टीचा आरंभकाळ आणि विशिष्ट खाद्यसंस्कृती यांमुळे शहराला वर्षभर पर्यटक भेट देतात. शहरातील बहुतेक महत्त्वाची स्थळे परस्परांच्या जवळ असून पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी, खिद्रापूर ही ठिकाणे एका दिवसात जाऊन परत येण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे दोन ते तीन दिवसांच्या छोट्या सहलीसाठी हे शहर सोयीचे मानले जाते.

स्थान आणि दळणवळण

कोल्हापूर मुंबई–बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर असून पुण्यापासून सुमारे २३० किलोमीटर अंतरावर आहे. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. शहराचे रेल्वे स्थानक श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस या नावाने ओळखले जाते आणि मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस येथेच थांबते. विमानतळ उजळाईवाडी येथे आहे. शहरात व परिसरात रिक्षा, महापालिकेच्या बसगाड्या आणि राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या उपलब्ध असतात. जुन्या शहरातील रस्ते अरुंद असल्याने मंदिर परिसर, भवानी मंडप आणि बाजारपेठ पायी पाहणेच सोयीचे ठरते.

शहरातील प्रमुख स्थळे

अंबाबाई मंदिर

शहराच्या मध्यभागी असलेले हे मंदिर काळ्या पाषाणात बांधलेले असून त्याच्या बांधकामात चालुक्य व शिलाहार काळातील भर आढळते. स्थानिक लोक देवीला अंबाबाई म्हणतात. देवीच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, खेटक आणि पानपात्र आहे. राजकीय धामधुमीच्या काळात सुरक्षिततेसाठी मूर्ती मंदिराबाहेर ठेवण्यात आली होती. १७१५ मध्ये विजयादशमीच्या दिवशी तिची मंदिरात पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

बहुसंख्य मंदिरे पूर्वाभिमुख असताना ही मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. किरणोत्सव या मंदिराच्या प्रसिद्ध सोहळ्याचा आधार हाच आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गरुड मंडप आणि पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यात पोहोचतात. परंपरेने ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि ९, १० व ११ नोव्हेंबर या तारखा किरणोत्सवाच्या मानल्या जातात. पहिल्या दिवशी किरणे देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, अशी अपेक्षा असते. ही किरणे काही मिनिटेच टिकतात. ढगाळ हवा, धूळ किंवा किरणांच्या मार्गात येणाऱ्या इमारती यांमुळे काही वर्षी ती मूर्तीच्या मुखापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे मंदिराच्या पश्चिमेकडील बांधकामांची उंची आणि मार्गातील अडथळे हा शहरात वारंवार चर्चिला जाणारा विषय आहे. शतकांपूर्वी योजलेली दिशा आणि आजची नगररचना यांचा संबंध या सोहळ्यात प्रत्यक्ष दिसतो.

मंदिराचे व्यवस्थापन पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. मूर्तीची झीज लक्षात घेऊन २०१५ मध्ये तिच्यावर रासायनिक संवर्धन प्रक्रिया करण्यात आली. नवरात्रात मंदिरात मोठी गर्दी असते. मंदिराची शिल्पे शांतपणे पाहण्यासाठी नवरात्र, शुक्रवार आणि सुट्ट्यांचे दिवस टाळून सकाळची वेळ निवडणे सोयीचे ठरते.

भवानी मंडप आणि खासबाग

मंदिराच्या जवळच जुना राजवाडा आणि त्याचा भवानी मंडप आहे. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यानंतर शिक्षण, सामाजिक न्याय, शेती, कला आणि कुस्ती या क्षेत्रांत केलेल्या कामाच्या खुणा शहरात सर्वत्र आढळतात. त्यांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी उभारलेली वसतिगृहे शहराच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहेत. त्यांचे जन्मस्थळ, कसबा बावडा येथील लक्ष्मी विलास पॅलेस, पर्यटकांना पाहता येते.

खासबाग हे कुस्तीचे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी हौदा आणि सभोवती उतरत्या बैठका अशी त्याची रचना असल्याने दूर बसलेल्या प्रेक्षकालाही कुस्ती विनाअडथळा दिसते. शहरातील तालमींमध्ये आजही पहाटे सराव चालतो.

मैदानाला लागूनच असलेले पॅलेस थिएटर शाहू महाराजांनी उभारले. पुढे त्याला गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, लागलेल्या आगीत या नाट्यगृहाचे मोठे नुकसान झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी रंगभूमीची साथ करणारी ही वास्तू जळाल्यानंतर तिची मूळ शैलीत पुनर्बांधणी करण्याची मागणी झाली आणि त्यासाठी काम हाती घेण्यात आले.

नवा राजवाडा आणि टाउन हॉल संग्रहालय

नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. मेजर चार्ल्स मँट हे त्याचे वास्तुविशारद होते. काळ्या घडीव दगडातील या इमारतीत भारतीय आणि युरोपीय शैलींचे मिश्रण असून अष्टकोनी घड्याळ-मनोरा हे तिचे ठळक वैशिष्ट्य आहे. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय असून तेथे शस्त्रे, पोशाख, छायाचित्रे आणि शिकारीशी संबंधित वस्तू मांडल्या आहेत.

टाउन हॉलच्या इमारतीतील शासकीय संग्रहालय तुलनेने कमी पर्यटक पाहतात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५–४६ मध्ये ह.धी. सांकळिया आणि मो.गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. या टेकडीच्या परिसरात सापडलेल्या वस्तूंमध्ये ग्रीक समुद्रदेव पोसायडनची लहान कांस्यमूर्ती आहे. समुद्रापासून दूर असलेल्या या वस्तीचा सातवाहन काळात रोमन जगाशी व्यापारी संपर्क होता, याचा ती पुरावा मानली जाते.

रंकाळा

शहराच्या पश्चिमेस असलेला रंकाळा तलाव हे संध्याकाळी फिरण्याचे प्रमुख ठिकाण आहे. तलावाच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती, असे सांगितले जाते. पाण्याची पातळी खाली गेल्यावर संध्यामठ ही दगडी वास्तू अधिक उघडी पडते. काठावरील शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधण्यात आला. तलावात मिसळणारे सांडपाणी आणि वाढणारी जलपर्णी या जुन्या समस्या असून तलावाच्या संवर्धनाची मागणी नागरिक सातत्याने करत आले आहेत.

चित्रपटसृष्टीचा वारसा

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. या कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही १ जून १९२९ रोजी येथेच झाली. मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) प्रभातने कोल्हापुरात तयार केला आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. जयप्रभा स्टुडिओ याच परंपरेचा भाग आहे.

खाद्यसंस्कृती

कोल्हापुरी जेवण केवळ तिखट असते, हा समज अर्धवट आहे. येथील मटणाच्या ताटात तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके मटण, भाकरी किंवा चपाती, भात आणि कांदा-लिंबू असते. दोन्ही रश्श्यांचा पाया एकच, म्हणजे मटण शिजवलेले अळणी पाणी हा असतो. तांबड्या रश्श्यात मिरची आणि कांदा-लसूण मसाला वापरला जातो. पांढऱ्या रश्श्यात लाल तिखट व हळद नसते. नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि खडा मसाला यांमुळे त्याला सौम्य पण दाट चव येते. दोन्ही रस्से आलटून पालटून पिण्याची रीत असल्याने तिखटपणाचा तोल सांभाळला जातो. शाकाहारी जेवणात अख्खा मसूर आणि झुणका-भाकर ही लोकप्रिय पदार्थांची जोडी आहे.

मिसळ हा प्रामुख्याने सकाळचा पदार्थ आहे. मोड आलेली मटकी, फरसाण, कांदा आणि वरून घातलेला झणझणीत कट असे तिचे स्वरूप असते. कोल्हापुरात ती बहुधा पावाच्या कापांबरोबर दिली जाते. संध्याकाळी भेळ आणि लोणी डोसा यांच्या गाड्यांवर गर्दी होते.

गंगावेश आणि परिसरातील दूध कट्टा ही या शहराची खास ओळख आहे. येथे म्हशी आणून ग्राहकांसमोर धार काढली जाते आणि ताजे, धारोष्ण दूध पेल्यातून दिले जाते. तालमीतील पैलवानांच्या खुराकाशी या पद्धतीचे नाते आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ऊस गाळपाच्या हंगामात आसपासच्या गावांतील गुऱ्हाळांवर गूळ तयार होताना पाहता येतो.

खरेदी

कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्यापासून हाताने बनवली जाते. पारंपरिक चपलेची शिलाई चामड्याच्याच वादीने होते आणि तिच्यात खिळे वापरले जात नाहीत. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच घडणीच्या चपला मूळ उल्लेखाशिवाय सादर केल्या. टीका झाल्यानंतर त्यामागील प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. या घटनेमुळे कारागिरांना मिळणाऱ्या मोबदल्याचा प्रश्न चर्चेत आला. बाजारात यंत्रावर बनवलेल्या आणि कृत्रिम चामड्याच्या स्वस्त चपलाही याच नावाने विकल्या जात असल्याने शिलाई आणि तळ पाहून खरेदी करणे इष्ट असते. कोल्हापुरी साज हा दागिना गुजरी भागातील सराफ बाजारात मिळतो.

एका दिवसाच्या सहली

पन्हाळा आणि जोतिबा

पन्हाळगड शहराच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर आहे. किल्ल्याचा आरंभ शिलाहार राजा भोज (दुसरा) याच्या काळात झाला असे मानले जाते. शिवाजी महाराजांनी तो २८ नोव्हेंबर १६५९ रोजी जिंकला. १६६० मध्ये सिद्दी जौहरने किल्ल्याला वेढा घातला. जुलैमधील पावसाळी रात्री महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले. या प्रसंगात शिवा काशीद आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी प्राणार्पण केले. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी आणि अंबरखाना ही गडावरील प्रमुख ठिकाणे आहेत. अंबरखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती या धान्य कोठारांची भव्यता पाहिल्यास वेढा अनेक महिने का टिकू शकला हे समजते.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत पन्हाळा आहे. गडावर आजही नगरपरिषद आणि नांदती वस्ती असल्याने वारशाचे जतन आणि रहिवाशांच्या गरजा यांचा मेळ घालणे हे येथील मुख्य आव्हान आहे.

वाडी रत्नागिरी येथील जोतिबाचे डोंगरावरील देवस्थान पन्हाळ्याबरोबर एकाच दिवशी पाहता येते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंच सासनकाठ्या नाचवल्या जातात आणि गुलालाची उधळण होते.

नृसिंहवाडी आणि खिद्रापूर

शहराच्या पूर्वेस कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) हे दत्तक्षेत्र आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. येथील बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी प्रसिद्ध आहे.

तेथून पुढे कृष्णाकाठी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे. शिलाहार काळातील या मंदिराचा स्वर्गमंडप छताच्या मध्यभागी वर्तुळाकार उघडा असून त्या वर्तुळाखाली खांबांचे कडे आहे. मंदिराच्या पायथ्याशी हत्तींचा पट्टा कोरलेला आहे. देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा शिलालेखही येथे आढळतो.

राधानगरी आणि दाजीपूर

भोगावती नदीवरील राधानगरी धरणाची योजना शाहू महाराजांच्या काळात सुरू झाली. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध असून २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते. अंतर आणि घाटरस्ता लक्षात घेता या सहलीसाठी स्वतंत्र पूर्ण दिवस ठेवावा लागतो.

योग्य काळ आणि नियोजन

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ पर्यटनासाठी अनुकूल असतो. पावसाळ्यात पन्हाळ्याचा परिसर हिरवागार होतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराचा धोका असतो. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला. त्यामुळे या महिन्यांत प्रवासापूर्वी नदीची पातळी आणि रस्त्यांची स्थिती पाहणे आवश्यक ठरते.

दोन दिवसांच्या मुक्कामात पहिला दिवस मंदिर, भवानी मंडप, संग्रहालये आणि रंकाळा यांसाठी, तर दुसरा दिवस पन्हाळा व जोतिबा यांसाठी पुरतो. तिसरा दिवस उपलब्ध असल्यास नृसिंहवाडी–खिद्रापूर किंवा राधानगरी यांपैकी एकाच दिशेची निवड करणे सोयीचे असते, कारण ही ठिकाणे शहराच्या विरुद्ध बाजूंना आहेत.