माळाला झाडं नकोत, गवत हवं

१९७९ साली ८,४९६ चौ.किमी.चं माळढोक अभयारण्य जाहीर झालं, त्यात करमाळा तालुकाही होता. पण माळरान म्हणजे 'पडीक', अशी समजूत. म्हणून तिथे ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली गेली. मोकळ्यावर दुरून शत्रू हेरणाऱ्या माळढोक पक्ष्याला ती अडचणच! माळ पूर्ववत करणं एकट्या पक्षितज्ज्ञाचं काम नव्हे. मुरमाची खोली, ओल मृदाशास्त्रज्ञ मोजेल; पवन्या-मारवेल गवतांचं बी वनस्पतितज्ज्ञ निवडेल. गवत रुजेपर्यंत मेंढरं कुठे न्यायची, हे मात्र समाजशास्त्रज्ञाने धनगरांसोबत बसूनच ठरवायचं. चराई कायमची बंद करणंही बरं नव्हे. वाळलेलं गवत साचलं की वणव्याला आयतं खाद्य मिळतं.