उभ्या उभ्या झिजणारी गाडी

इंजिन म्हणजे काय, हे जबलपूरकरांना शिकवायला नको. लष्करासाठी इथे बनलेल्या ‘जोंगा’च्या नावातच हे शहर आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली’चं ते लघुरूप. सहा सिलिंडरच्या त्या पेट्रोल गाडीवर हात काळे केलेले एक काका आमच्या शेजारी राहतात. माझी इलेक्ट्रिक गाडी आली त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि विचारलं, ‘‘ऑइल कुठे टाकायचं?’’

‘‘काका, कुठेच नाही.’’

अगदी शब्दशः खरं नव्हे ते. मोटारीला जोडलेल्या गिअरच्या डब्यात थोडं तेल असतं, पण ते वर्षानुवर्षं बदलावं लागत नाही. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच प्लेट हे सगळं यादीतून गेलं. उरलं ते एसीचा फिल्टर, बॅटरी थंड ठेवणारं कूलंट, ब्रेक ऑइल, वायपर. वर्षाची सर्व्हिस त्यामुळे काही हजारांत आटोपते. पण यादी आखूड झाली म्हणून लक्ष काढून घ्यायचं नसतं, हा धडा मला उशिरा मिळाला. पेट्रोल गाडी चालून झिजते. ही बरीचशी उभी राहून झिजते.

गेल्या मेमध्ये आम्ही तीन आठवडे नागपूरला होतो. गाडी अंगणात, उन्हात. परतलो तर रिमोट दाबून काही होईना. रिमोटच्या पोटातली चावी काढून दार उघडलं, तर आत डॅशबोर्ड काळाठिक्कर. जाताना चार्ज ७० टक्के होता! बोलावलेल्या मिस्त्रीने मीटर लावला आणि हसला. ‘‘बड़ी वाली ठीक है साहब, छोटी वाली बैठ गई.’’

छोटी म्हणजे १२ व्होल्टची शिसं-आम्लाची बॅटरी, स्कूटरपासून ट्रकपर्यंत सगळीकडे असते तीच. हिचं तंत्र १८५९ सालचं, गॅस्टन प्लांटे या फ्रेंच माणसाचं. गाडी बंद केली की सुरक्षेसाठी मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून तोडली जाते. ती पुन्हा जोडणारे मोठे रिले ओढायला वीज लागते, आणि ती येते या छोटीकडून. दाराची कुलपं, अलार्म, संगणक हेही उभ्या गाडीत तिच्यावरच थोडं थोडं जगतात. गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला लावल्यावर मोठी बॅटरी छोटीला भरते. नुसती उभी राहिली की बहुतेक गाड्यांत छोटी एकटीच रिकामी होत जाते. त्यात जबलपूरचा मे, पारा ४४ च्या आसपास. नवीन बॅटरीला साडेचार हजार मोजले.

ब्रेकचंही तेच. पाय उचलला की मोटार उलटी जनित्र होते आणि वेगाची वीज करून परत बॅटरीत भरते. खरे ब्रेक क्वचित लागतात, म्हणून पॅड खूप टिकतात. पण श्रावणात दोन दिवस गाडी हलली नाही, तर चकतीवर नारिंगी गंजाचा थर धरतो आणि सकाळी पहिला ब्रेक खर्रकन वाजतो. पेट्रोल गाडीत रोजच्या घासण्याने हा गंज आपोआप जातो. म्हणून मोकळा रस्ता बघून अधूनमधून चांगला कचकचून ब्रेक दाबावा. एक गंमत: बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना घाट उतरायला लागलात, तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार खऱ्या ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल तर हवेतली ओल शोषतं, मग गाडी चालो न चालो. ‘डॉट ४’ प्रकारचं कोरडं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरलेल्याची हमी १५५ वर येते. दर दोन वर्षांनी ते बदलावं. खर्च किरकोळ आहे.

टायर मात्र चालूनच झिजतात, आणि जरा जास्तच. बॅटरीचं वजन आणि सुटतानाच मिळणारा पूर्ण जोर, दोन्ही रबराच्या मुळावर येतात. खर्चाचा मोठा आकडा इथेच भेटतो.

आणि मोठी बॅटरी? सगळ्यांना धास्ती तिची. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीला कंपनीने ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी दिली होती. त्यातली दोन्ही मोजमापं महत्त्वाची, कारण वर्षंही तिला खातात. आत ऋण टोकावर एक पापुद्रा हळूहळू जाड होत जातो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं. उष्णतेत हे वेगाने घडतं. ढोबळमानाने दर १० अंशांना रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट, असं धरतात. सावली ही तिची सर्वांत स्वस्त सर्व्हिस. गाडी ठेवून बरेच दिवस बाहेरगावी जायचं तर चार्ज अर्ध्यावर ठेवावा. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीचं एक वेगळं आहे. तिचा व्होल्टेज जवळपास सपाट राहतो, त्यामुळे किती भरली हे गाडीला नीट कळत नाही. म्हणून वापरात असताना कंपनी सांगेल तशी अधूनमधून ती सावकाश शंभरपर्यंत भरायची.

काकांना आता हे सगळं पाठ आहे. तरी रविवारी बॉनेट उघडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. जाड केशरी केबल दिसल्या की हात पुढे जातो. ३०० व्होल्टच्या वरचा मामला तो, त्या केबलना घरच्या माणसाने हात लावायचा नाही. मग ते वायपरच्या डब्यात पाणी भरतात आणि बॉनेट बंद करतात.