खुद्रीचं पाणी

संगम पुलावर उभं राहून महसीरचं नाव काढलं, तर सोबतचा पुणेकर हसतो. पण या माशाच्या एका जातीला शास्त्रीय नाव मिळालं, ते याच मुळा-मुठेवरून. दख्खनचे मासे नोंदवणाऱ्या कर्नल साइक्सने १८३९ साली ‘खुद्री’ जगापुढे आणली. इथल्या बोलीतली कित्येक नावं त्याने तशीच लॅटिन साच्यात बसवली, हे मला त्याचं मोठेपण वाटतं.

खुद्रीला हवा असतो खडकाळ तळ, वेगाचं पाणी आणि खळाळाच्या पायथ्याशी खोल डोह. खळाळात पाण्यात हवा मिसळते. उन्हाळ्यात धार बारीक झाली की डोह आसरा देतो. पावसाळ्यात नदी भरली की मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. ती तळाशी बसतात. गोट्यांमधून पाणी खेळतं राहिलं तरच जगतात, गाळ बसला की गुदमरतात.

शहराच्या मैल्याबद्दल आपण बोलतो, भिंतींबद्दल नाही. १८७९ मध्ये खडकवासला उभं राहिलं, पुढे पानशेत, वरसगाव. वर जायची वाट तुटली, खळाळ जलाशयाखाली गेले. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात अनेक दशकं महसीरची पिल्लं तयार होतात. ती सोडायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात हे मासे देवाचे म्हणून जपलेत. तिथे मी मूठभर कुरमुरे टाकले. पाणी काळं झालं, इतके मासे वर आले.