पाण्याखालचे पाते

काशीयात्रा करून आलेल्या मराठी कुटुंबात घाटांची आठवण हमखास निघते. अहल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट, शिंदे घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट अशी ओळखीची नावे नदीतून जाताना समोर येतात आणि परमुलखात आल्याची भावना ओसरते. काशीचे हे रूप पाहायचे ते नावेतूनच, कारण घाटांचे मुख नदीकडे आहे. मात्र दृष्टी पायऱ्यांवर आणि कळसांवर खिळलेली असताना आपण ज्या नावेत बसलो आहोत तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही नाव सरळ कशी जाते? हवी तेथे वळते कशी? एकट्या माणसाच्या बाहुबळावर ती प्रवाहाविरुद्ध कशी सरकते? या प्रश्नांची उत्तरे पाण्याखाली दडलेली आहेत.

सपाट तळाची किंमत

काशीची पारंपरिक नाव लाकडी फळ्यांची, रुंद आणि जवळजवळ सपाट तळाची असते. कोकणात होडी बांधताना आधी ‘पठाण’ म्हणजे तळाचा कणा घालतात. हा कणा पाण्यात उतरलेला असल्याने होडी वाऱ्याने आडवी ढकलली जात नाही. समुद्राला खोली असते, म्हणून तेथे हे जमते. काशीच्या नावेला मात्र दोन अगदी वेगळे काठ सांभाळावे लागतात. येथे गंगा उत्तरवाहिनी होऊन मोठे वळण घेते. शहर वसले आहे ते वळणाच्या बाहेरच्या, पश्चिमेकडील काठावर. तेथे प्रवाह काठाला घासून जातो आणि पाणी खोल राहते. समोरच्या आतल्या काठाशी वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि वाळूचे विस्तीर्ण पात्र तयार होते. एका बाजूला दगडी पायरीला लागायचे आणि दुसऱ्या बाजूला उथळ वाळूत चढायचे, हे तळाला कणा असलेल्या नावेला साधणार नाही. मराठा आरमारातील गलबतेही उथळ तळाची असल्यामुळेच खाड्यांतून आत शिरू शकत होती.

परंतु सपाट तळाची किंमत मोजावी लागते. नाव सरळ जायची असेल, तर तिला पुढे सरकताना होणाऱ्या विरोधापेक्षा आडवे सरकताना होणारा विरोध कितीतरी अधिक असला पाहिजे. सपाट तळाखाली असा आडवा विरोध फारसा मिळत नाही. वाऱ्याची एक झुळूक आली तरी नाव तिरकी होते. पाण्याखाली पातेच नसेल तर काय घडते, आणि पाते बसवले तर काय बदलते, याचा सर्वांत स्पष्ट धडा लाटांवर स्वार होण्याच्या खेळातून मिळतो. त्यासाठी क्षणभर गंगेपासून दूर, प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर जाऊ या.

एक, दोन आणि तीन पाती

हवाईचे मूळ रहिवासी शतकानुशतके लाकडी फळीवर उभे राहून लाटेवरून किनाऱ्याकडे येत. आज या फळीला सर्फबोर्ड आणि खेळाला सर्फिंग म्हणतात. जुन्या फळ्यांचा तळ गुळगुळीत असे. उंच लाटेच्या उतारावर फळीची मागची बाजू घसरे आणि स्वार पाण्यात फेकला जाई. दिशा बदलायची तर एक पाय पाण्यात घालून फळी वळवावी लागे. १९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकी सर्फपटूने वायकिकीच्या किनाऱ्यावर आपल्या फळीच्या मागच्या टोकाखाली एका जुन्या वेगवान बोटीचे पाते बसवले. फळीचे घसरणे थांबले. तळाखाली उभ्या असलेल्या या पात्याला फिन म्हणतात.

बाणाच्या मागच्या पिसांचे आणि या पात्याचे काम एकच. मागचे टोक भरकटू लागले की पाते आडव्या पाण्याला भिडते आणि त्या टोकाला पुन्हा रांगेत आणते. पाते थोडे तिरके झाले की एका बाजूला दाब वाढतो, दुसरीकडे कमी होतो आणि पाते बाजूला ढकलले जाते. विमानाचा पंख उचलला जातो तो याच नियमाने. मात्र कोन मर्यादेपलीकडे गेला की पाण्याची धार पात्यापासून सुटते आणि पकड एकाएकी नाहीशी होते.

मधोमध एकच मोठे पाते असेल, तर फळी स्थिर आणि सरळ जाते. वळायला मात्र कुरकुरते. दोन्ही कडांजवळ एकेक पाते बसवले, तर ती चपळ होते, छोट्या लाटेवर वेग घेते. पण मोठ्या लाटेच्या उभ्या उतारावर तिचे मागचे टोक निसटू लागते. अशा दोन पात्यांच्या फळीवर ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने १९७९ ते १९८२ अशी सलग चार जागतिक विजेतेपदे मिळवली. त्याच देशाच्या सायमन अँडरसनला मात्र, त्याच्या भरभक्कम देहयष्टीमुळे, ही निसटती फळी मानवली नाही. त्याने दोन कडेची पाती पुढे ठेवून त्यांच्या मागे मधोमध तिसरे बसवले आणि १९८१ मध्ये बेल्स बीच येथील मोठ्या लाटांतील स्पर्धा या फळीवर जिंकली. पुढे तीन पात्यांची हीच रचना जगभर रूढ झाली. कडेची पाती टोकाकडे किंचित आत वळवलेली असतात. त्यामुळे फळी कलली की खालच्या कडेचे पाते लगेच पकड घेते आणि वळण सुरू होते. चार पात्यांच्या रचनेत मधले पाते नसते. चार पाती कडांजवळ विभागलेली असतात, म्हणून वेग टिकतो.

यातून एक सूत्र हाती येते. पाते वाढवले की पकड वाढते, पण पाण्याचे घर्षणही वाढते. पाते मागे सरकवले की सरळपणा वाढतो, पण वळण जड होते. सर्व परिस्थितींत सर्वोत्तम ठरेल अशी एकही रचना नाही. पाणी कसे आहे, भार किती आहे आणि जायचे कोठे आहे, यावर निवड ठरते.

हातातले पाते

याच सूत्राने काशीच्या नावेकडे पाहिले, की तिच्या रचनेतील शहाणपण उमगते. तिच्या तळाला पाते नाही, कारण ते नावाड्याच्या हातात आहे. बांबूच्या दांड्याला टोकाशी लाकडी फळी जोडलेले वल्हे, म्हणजे तेथील बोलीतला ‘डांड’, हे पुढे ढकलण्याचे साधन आहे तसेच हवे तेव्हा पाण्यात उतरणारे आणि हवे तेव्हा उचलता येणारे पातेही आहे. एक डांड जोराने ओढले की नाव दुसऱ्या बाजूला वळते. धावत्या नावेचे एक डांड पाण्यात नुसते रोखून धरले, तरी ती त्या बाजूला फिरते. उथळ वाळू आली की डांड वर, आणि नाव अलगद काठाला. मोठ्या नावांना मागे ‘पतवार’ म्हणजे सुकाणूही असते.

सुकाणूला मात्र एक मर्यादा आहे. त्याच्यावरून पाणी वाहत असेल तरच ते काम करते. नाव प्रवाहाच्याच वेगाने वाहू लागली, की पाण्याच्या दृष्टीने ती जागच्या जागी उभी असते. काठावरून पाहणाऱ्याला ती वेगाने जाताना दिसते. सुकाणूला मात्र त्या वेगाचा काहीच उपयोग नसतो. अशा वेळी डांड मारूनच पात्यावरचे पाणी हलवावे लागते.

तीन, चार आणि पाच

नदी ओलांडण्याचे गणित याहून महत्त्वाचे आहे. समजा, प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर आहे आणि नावाडी ताशी ५ किलोमीटर वेगाने वल्हवू शकतो. तो नावेचे तोंड सरळ पैलतीराकडे ठेवणार नाही, कारण मग नाव खाली वाहत जाईल. तो तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला तिरके धरतो. त्याच्या बळाचा एक हिस्सा प्रवाहाला तोडीस तोड उत्तर देण्यात खर्च होतो आणि उरलेल्या बळावर नाव ताशी ४ किलोमीटर वेगाने नेमकी समोर जाते. शाळेत शिकलेला ३, ४, ५ बाजूंचा काटकोन त्रिकोण नावाड्याच्या मनगटात असा मुरलेला असतो. मात्र प्रवाहही ताशी ५ किलोमीटर झाला, तर सारे बळ नुसते जागेवर टिकून राहण्यातच संपते. त्याहून वेग वाढला, तर कोणत्याही कोनात नेमके समोर पोहोचता येत नाही.

पावसाळ्यात नौकानयनावर बंदी का येते, याचे एक मोठे कारण या साध्या हिशेबात आहे. वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. अशा वेळी घाट बुडतात, पायऱ्यांच्या कोपऱ्यांशी भोवरे उठतात आणि ज्या काठाच्या आधाराने नावाडी प्रवाहाविरुद्ध वर जातो तो आधारच नाहीसा होतो. बंदीच्या दिवसांत नावा बांधून ठेवाव्या लागतात. ज्या निषाद कुटुंबाचे सारे भांडवल एका नावेत गुंतलेले असते, त्याची दैनंदिन मिळकत त्या काळात थांबते. म्हणूनच, पाणी चढत असताना दूरवरून आलेल्या प्रवाशाने ‘थोडे पुढे न्या, वर पैसे देतो’ असा आग्रह धरणे हे नावाड्याला त्याच्या गरजेच्या क्षणी पेचात पकडण्यासारखे आहे.

इंजिन आले तरी

आता अनेक नावांवर इंजिने आली आहेत. २०२१ नंतर डिझेलची इंजिने बदलून सीएनजीवर चालणारी बसवण्याचे काम सुरू झाले आणि नमो घाटावर नावांसाठी तरंगते सीएनजी केंद्रही उभे राहिले. इंधन बदलल्याने धूर कमी झाला. पाण्याखालचे नियम मात्र तेच राहिले. इंजिनाचा पंखा पाण्याचा झोत थेट सुकाणूवर फेकतो, म्हणून मोटरनाव मंद वेगातही झटकन वळते. इंजिन बंद पडले की तो झोत थांबतो आणि सुकाणूची पकडही जाते. म्हणून मोटरनावेतही एखादे वल्हे हाताशी असणे ही चैन नव्हे. मोटरनावेमागे उठणाऱ्या लाटा शेजारच्या वल्ह्याच्या नावेला हेलकावे देतात, हेही तितकेच ध्यानात ठेवावे लागते.

दिशा वेगळी, तोल वेगळा

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सर्फबोर्डचे पाते किंवा नावेचे सुकाणू दिशा देते. उलटण्यापासून ते वाचवत नाही. तोल मिळतो तो रुंदीतून आणि भार खाली ठेवण्यातून. कोकणातील होडीला बाजूला उलांडी जोडतात, ती याच हेतूने: दूरवर तरंगणारा लाकडाचा ओंडका होडीला कलू देत नाही. कोचीन शिपयार्डने बांधलेली आणि डिसेंबर २०२५ पासून वाराणसीत प्रवासी सेवेत आलेली हायड्रोजनवरील नौका जोडतळाची आहे. दोन तळांमधल्या अंतरामुळे ती रुंद बैठक मिळवते. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रुगडला निघालेले ‘गंगा विलास’ जहाज ६२ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असूनही पाण्यात सुमारे १.४ मीटरच बुडते. नदीची खोली सर्वांनाच सारखी अट घालते. छोट्या नावेलाही आणि मोठ्या जहाजालाही.

सपाट, रुंद नाव प्रवासी बसलेले असताना चांगलीच स्थिर असते. परंतु सायंकाळी दशाश्वमेध घाटासमोर आरती सुरू होताच सारे जण छायाचित्रासाठी उठून एका बाजूला सरकले, तर भार वर जातो आणि कडेलाही जातो. एका कडेची फळी पाण्याशी टेकली की रुंदीने दिलेले संरक्षण संपते. तेव्हा नावाडी ‘बसा’ म्हणतो त्यामागे केवळ शिस्त नसते. एका पिढीकडून दुसरीकडे आलेले भौतिकशास्त्र असते.

पुढच्या काशीयात्रेत नावेत पाऊल ठेवाल तेव्हा मधोमध बसा, जीवरक्षक जाकीट अंगात घाला आणि घाटांकडे पाहण्यापूर्वी नावाड्याच्या हातांकडे क्षणभर पाहा. डांड कोणत्या कोनात पाण्यात शिरते, कधी नुसते रोखून धरले जाते, नावेचे तोंड प्रवाहाकडे किती तिरके ठेवले आहे, हे ध्यानात येईल. इतरत्र लोकांनी तळाखाली दोन, तीन, चार पाती बसवून जे साधले, ते हा माणूस दोन हातांनी क्षणोक्षणी साधत असतो. त्याने मागितलेली रक्कम नावेच्या भाड्याइतकीच या जाणकारीचीही असते.